जुनी टोपोशीट, क्यूजीआयएस आणि आठ महिन्यांची भटकंती

काकांच्या माळ्यावर सर्व्हे ऑफ इंडियाच्या दोन टोपोशीट (डोंगरांचे चढउतार आणि वाटा दाखवणारे नकाशे) सापडल्या: ४७ एफ/११ आणि ४७ एफ/१२. घड्यांवर झिजलेल्या, एकीवर चहाचा डाग. गंमत म्हणजे १८ अंश १५ मिनिटांची अक्षांशाची रेघ नेमकी अशी जाते, की राजगडाचा बालेकिल्ला एका शीटवर आणि तोरणा दुसऱ्या. म्हणजे राजगड ते तोरणा ही डोंगरधार चालायची तर दोन्ही हव्यातच.

शीट ५५ सेंटिमीटर उंच, घरच्या स्कॅनरमध्ये मावत नाही. तुकडे स्कॅन करून जोडायच्या नादी लागू नका, माझा अख्खा रविवार त्यात गेला. बिल्डिंगचे प्लॅन काढून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडे ३०० डीपीआयवर पाच मिनिटांत काम झालं.

मग माझा शहाणपणा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिले, डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) जीपीएसचाच, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ ठेवला, वेपॉइंट (वाटेवरच्या खुणांचे बिंदू) जीपीएसमध्ये भरले. स्क्रीनवर सगळं झकास. राजगडावरच्या पद्मावती मंदिराच्या दारात उभा राहिलो, तर यंत्र म्हणतंय मंदिर अजून सव्वाशे मीटर आग्नेयेला! संजीवनी माचीवरचा पॉइंट तर थेट तटाबाहेर, उतारावर. दाट धुक्यात त्यावर विसंबलो असतो तर, असा विचार आजही येतो.

कारण साधं. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) बेतलेल्या आहेत, त्यांचे अक्षांश-रेखांश जीपीएसच्या आकड्यांशी जुळत नाहीत. दुसऱ्या खेपेला त्या गोलाभावरचा कालियनपूर १९७५ हा डेटम निवडला आणि कोपऱ्यांऐवजी दर पाच मिनिटांच्या रेघा जिथे छेदतात ते सोळाही बिंदू दिले. कागद घडीपाशी ताणलेला असतो, तो चार कोपऱ्यांत पकडला जात नाही. चूक दोन-तीन पिक्सेलवर आली. या स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सव्वाचार मीटर, तेव्हा तक्रार नाही.

त्यानंतर पाच ट्रेक झाले. आता दर अर्ध्या किलोमीटरला पॉइंट टाकत नाही. खिंड, सोंड सुटते ती जागा, पाण्याचं टाकं आणि जिथे चुकीची ढोरवाट जास्त ठळक दिसते तो फाटा, एवढंच. संजीवनीच्या अळू दरवाजातून उतरल्यावर धार कुठे वळते, हे कंटूरवरून (समान उंचीच्या रेघा) घरबसल्या कळतं. पण कंटूर दर २० मीटर उंचीला एक. पंधरा मीटरचा कातळटप्पा त्यांच्यामध्ये बेमालूम लपतो. तोरण्याकडे जाताना आडवा येणारा डांबरी रस्ता माझ्या शीटवर नाहीच. आणि ठिपक्यांच्या पायवाटा? एका वाटेबद्दल वेल्ह्याकडच्या एका बाबांना विचारलं, तर म्हणाले, "ती वाट मोडली की दादा, आता गुरंबी जात नाहीत तिकडं." खरंच, पुढे नुसती कारवी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्व्हेच्या संकेतस्थळावरचे ओपन सिरीज नकाशे घ्यावेत. ते डब्ल्यूजीएस ८४ वरच असतात, ही डेटमची डोकेदुखीच नाही. मी मात्र जुन्याच वापरतो, मोडलेल्या वाटा शोधायची खोड लागलीय.

हरिश्चंद्रगडासाठी ४७ ई/१५ शोधतोय. कुणाच्या माळ्यावर असेल तर सांगा, स्कॅनचे पैसे माझे.