बंद असतानाही देखणा हेडलॅम्प: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

हेडलॅम्पबद्दल लिहायचं म्हटलं की उजेड किती लांब पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो का, एवढंच लिहिलं जातं. ते मीही लिहिणार आहे. पण दिवसाचा बहुतेक वेळ गाडीचे मुख्य दिवे बंदच असतात आणि लोक गाडी बघतात तीही तशीच. म्हणून बंद दिवा दिसतो कसा, याला माझ्या लेखी मोल आहे. गेल्या दसऱ्याला गाडी घरी आली. आता अख्खा उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा खान्देशात निघाला, तेव्हा सावकाश लिहितो. गाडीचं नाव घेत नाही, कारण या धाटणीचे दिवे आता बऱ्याच कंपन्या देतात आणि मला बोलायचंय ते धाटणीबद्दलच.

धाटणी म्हणजे दोन मजली दिवा. बॉनेटच्या कडेला वर डीआरएलची, म्हणजे गाडी चालू असताना दिवसाही पेटणाऱ्या दिव्याची, बारीक पट्टी आणि खरा हेडलॅम्प खाली बंपरमध्ये, काळ्या चौकटीत. आपल्याकडे २०१९ साली टाटा हॅरिअर आल्यापासून ही मांडणी सगळ्यांच्या ओळखीची झाली. माझे मामा पारोळ्याकडचे. पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा त्यांनी वरच्या पट्टीवरून बोट फिरवत अहिराणीत विचारलं, "हाई गाडीना डोया कोठे सेतस रे भाऊ?" म्हणजे या गाडीचे डोळे कुठे आहेत? खाली दाखवले, तर वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चांगला सेतस."

आहेतच चांगले. सकाळच्या उन्हात वरच्या पट्टीजवळ डोळा नेला की आत ॲक्रिलिकची एक पारदर्शक कांडी दिसते. तिच्या मागच्या अंगाला बारीक दाते कोरलेले आहेत, एकसारखे आणि जवळजवळ. टोकाला असलेल्या एलईडीचा उजेड कांडीतून पुढे सरकतो आणि प्रत्येक दात त्यातला थोडाथोडा बाहेर फेकतो. रात्री पट्टी सलग पांढरी दिसते ती त्यामुळेच. दिवसा गाडी बंद उभी असते तेव्हा तेच दाते बाहेरचं ऊन पकडतात आणि कांडीला धार येते. यात वेगळी सजावट काहीच नाही. जे रात्री काम करतं तेच दिवसा दिसतं.

हे साधणं सोपं नाही. पारदर्शक कांडी बंद असताना मागचा काळा रंग दाखवते, म्हणून ती मेलेली वाटू शकते. त्यावर काही ठिकाणी पुढे दुधाळ प्लास्टिक बसवतात. मग पट्टी बंद असतानाही पांढरीशुभ्र दिसते, पण दुधाळ थर उजेड खातो, तो भरून काढायला एलईडी जोरदार लावावी लागते आणि तिची उष्णता बाहेर काढायची सोय करावी लागते. इंडिकेटरचंही तसंच. काच स्वच्छ पारदर्शक झाली तेव्हा आतला पिवळा बल्ब दिवसाही डोळ्यांत खुपायला लागला, रिफ्लेक्टरभर त्याचा पिवळेपणा पसरायचा. म्हणून वरून चंदेरी मुलामा दिलेले बल्ब निघाले: बंद असताना चांदीसारखे, पेटले की पिवळे. बंद दिव्याच्या रूपासाठी कारखान्यात एवढा जीव टाकतात.

आबांची जुनी जीप आमच्या अंगणात अजून उभी आहे. तिचे गोल दिवे ७ इंची, जाड काचेचे. अमेरिकेत १९४० पासून गाड्यांना याच मापाचे गोल सील्ड बीम, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्र सीलबंद केलेले दिवे, ठरवून दिले होते आणि आपल्या ॲम्बेसेडर, पद्मिनीलाही गोलच दिवे होते. त्या काचेवर उभ्या रेघा आणि चौकडी असते. पुष्कळांना ती नक्षी वाटते. खरं तर ते लोलक आहेत, उजेड रस्त्यावर आडवा पसरवायचं काम तेच करतात. पुढे संगणकावर रिफ्लेक्टरचाच पृष्ठभाग हवा तसा घडवता यायला लागला, पसरवायचं काम त्याच्याकडे गेलं आणि समोरची काच कोरी झाली. गाडीच्या अंगाबरोबर वळणारा प्लास्टिकचा दिवा अमेरिकेत पहिल्यांदा आला तो १९८४ मॉडेलच्या लिंकन मार्क सेव्हनला. तिथून दिव्याला हवा तो आकार देता यायला लागला. बीएमडब्ल्यूने २००० साली ५ सिरीजला उजेडाच्या कड्या दिल्या आणि रात्रीसुद्धा गाडी लांबून ओळखू यायला लागली.

आता उन्हाळ्याचं. याबद्दलच मला जास्त सांगायचंय.

मी अमळनेरला राहतो, नोकरी जळगावला. धरणगाव, पाळधीवरून रोजचं जाणं-येणं. सकाळी तोंड पूर्वेला, संध्याकाळी परतताना पश्चिमेला, म्हणजे दोन्ही वेळा ऊन समोरून दिव्यात. ऑफिसच्या आवारात सावली नाही आणि गाडी लावायची तीही पूर्वेकडे तोंड करून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो हे खान्देशी माणसाला सांगायला नको. मेच्या अखेरीस गाडी पुसताना खालच्या दिव्याच्या भिंगामागे, काळ्या चकचकीत घेरावर, खालच्या बाजूला मसुराएवढा ठिपका दिसला. चकाकी गेलेली, कड किंचित फुगलेली. धूळ म्हणून पुसायला गेलो तर तो आत.

प्रोजेक्टर दिव्याचं भिंग हे शेवटी बहिर्गोल भिंग. आतला उजेड ते बाहेर फेकतं, तसंच बाहेरचं ऊन आत गोळा करतं. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तोच प्रकार. माथ्यावरचं दुपारचं ऊन आत फारसं शिरत नाही, धोका आहे तो तिरप्या उन्हाचा. दिवे बनवणारे याची तपासणी करतात, सूर्य कुठल्या कोनात असताना किरण आत नेमके कुठे एकवटतात हे आधी काढून तिथे उष्णता सोसणारं प्लास्टिक किंवा धातूचा आडोसा देतात. माझ्या दिव्यात त्या जागी शोभेची काळी चकचकीत रिंग होती. सर्व्हिस सेंटरने फोटो काढले, दोन आठवड्यांनी निरोप आला की हे दिसण्यापुरतं आहे, वॉरंटीत बसत नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. दिव्याचं रूप दाखवून गाडी विकता, तर रूप बिघडलं की तेही वॉरंटीतच यायला हवं. रात्रीच्या उजेडात फरक पडलेला नाही, हे मात्र खरं.

एवढ्या महिन्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. दिव्यातले जे भाग रात्री राबतात, म्हणजे ती दातेरी कांडी, भिंग, रिफ्लेक्टर, ते आजही पहिल्या दिवसासारखे सुंदर आहेत. नुसत्या शोभेला घातलेली रिंग आणि खालच्या कोपऱ्यातली क्रोमची पट्टी आधी म्हातारी झाली. जीपची पन्नाशीला आलेली काच अजून देखणी आहे, तीही याच कारणाने.

धूळ आणि पाणी. दिवा बंपरमध्ये असल्याने काळ्या मातीचा फुफाटा, ट्रकखालून उडणारे खडे सगळं त्याच्याच वाट्याला. समोरची काच काचेची नसून पॉलिकार्बोनेटची असते. ती सहसा फुटत नाही, पण तिच्यावर ओरखडा लगेच उठतो आणि उन्हाने ती पिवळी पडते. म्हणून वर एक कडक पारदर्शक थर असतो. तो आहे तोवर दिवा तरुण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं, टूथपेस्टने घासणं, डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर लावणं यातलं काहीही करू नका. पेट्रोल-थिनरने पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा पडतात. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षारी. उन्हात गाडी धुऊन तशीच सोडली की थेंबाथेंबाचे पांढरे गोल दिव्यावर उमटतात. आता सावलीत धुतो आणि लगेच मऊ ओल्या कापडाने टिपून घेतो. दसऱ्याचं हळद-कुंकू काच आणि बंपरच्या फटीत बसलं होतं, ते जुन्या मऊ ब्रशने निघालं.

पावसाळ्यात दोन-तीनदा दिव्याच्या आत कोपऱ्यात बाष्प धरलं. घाबरायचं कारण नाही, दिव्याला हवा खेळायला मागे भोकं असतात. एलईडी मागच्या बाजूने तापते, काचेपर्यंत तिची ऊब फार पोहोचत नाही, म्हणून हॅलोजनपेक्षा बाष्प जायला वेळ लागतो. पाणी साचलेलं दिसलं तर मात्र सरळ तक्रार करा.

रात्रीचा उजेड उत्तम. कट-ऑफची रेघ, म्हणजे उजेड वर जिथे संपतो ती कड, स्वच्छ, समोरचा डिपर मारत नाही. कन्नड घाटात धुकं असताना खाली बसवलेला दिवा बरा वाटला. उलट सपाट रस्त्यावर खालच्या दिव्यामुळे लहान खड्ड्याचीही सावली लांब पडते, त्याची नजरेला सवय करावी लागते. मागचा लाल दिवा नसलेल्या कापसाच्या ट्रॉल्या वेळेत दिसतात, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. मागे सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा उजेड खाली घ्यायचं लेव्हलिंगचं चाक आठवणीने फिरवा.

ॲक्सेसरीच्या दुकानात हेडलॅम्पवर काळसर फिल्म लावून देतात, "दिवा बंद असताना भारी दिसतो" म्हणून. तो उजेड तुमच्याच रस्त्यावरून कमी होतो. लावू नका.

घ्यायला जाणाऱ्यांनी शोरूममधल्या लाइटिंगखाली दिवा पाहून भुलू नये. गाडी बाहेर उन्हात काढायला लावा, दिवे बंद ठेवा आणि आत डोकावून एकेक भाग पाहा. प्रत्येकाबद्दल विचारा की हा रात्री काय करतो. भिंगाभोवती चकचकीत काळं प्लास्टिक जितकं कमी तितकं बरं. आणि दिव्याच्या आतल्या भागाचं रूप वॉरंटीत येतं का, हे लेखी घ्या. हे दिवे सहसा उघडता येत नाहीत, एवढीशी रिंग खराब झाली तरी आख्खा संच बदलायला सांगतात. मी बदललेला नाही. ऑफिसमध्ये आता गाडी उत्तरेकडे तोंड करून लावतो, ठिपका वाढलेला नाही.