झाकण होतं, व्हॉल्व्ह नव्हता

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या दारात एक मराठी माणूस येऊन गेला होता. "मावशी, पावसाळी दिवस आहेत, बेसमेंटची लाइन फुकट तपासून देतो," म्हणाला. बोलण्याची ढब काकूंनी सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला. असाच एक माणूस गटाराच्या व्हॉल्व्हच्या नावाखाली आम्हाला फसवून गेला होता. दोन वर्षं मी हे सगळं मनात ठेवलं, कारण लाज वाटत होती. आता ठेवत नाही.

आम्ही टोरंटोच्या पश्चिमेला, एटोबिकोमध्ये राहतो. १९५०च्या दशकातला बंगलो, खाली बेसमेंट. तिथे एक खोली, शॉवर आणि टॉयलेट आहे, आणि घर गरम करणाऱ्या फर्नेसजवळ जमिनीत एक फ्लोअर ड्रेन. इकडे नवीन असणाऱ्यांसाठी सांगते, ही आपल्या मोरीच्या जाळीसारखीच जाळी. टाकी गळली, मशीनचं पाणी सांडलं, तर ते तिथून जावं म्हणून केलेली. फरक इतकाच की ही मोरी रस्त्याखालच्या गटारापेक्षा फार उंच नसते. गटार तुडुंब भरलं की पाणी ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने परत येतं, आणि घरातली सर्वांत खालची वाट म्हणजे ही जाळी.

१६ जुलै २०२४ला तसंच झालं. पिअर्सन विमानतळावर त्या दिवशी जवळजवळ ९८ मिलिमीटर पाऊस पडला, डॉन व्हॅली पार्कवे या हमरस्त्यावर गाड्या पाण्यात अडकल्या. आमच्या जाळीतून दोन बोटं पाणी वर आलं. काळं आणि घाण. आई तेव्हा सांगलीहून आली होती आणि खालच्याच खोलीत झोपायची. २०१९च्या महापुरात तिने घरातलं सामान माळ्यावर चढवलं होतं, आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांवर गेलेली पाहिली होती. ती म्हणाली, "नदीचं पाणी येताना कळतं गं. पुलावरची पट्टी बघत बसता येतं. हे तर घराच्या पोटातून आलं."

तिच्या त्या वाक्याने मी घाबरले. काहीही करून दहा दिवसांत बंदोबस्त करायचा असं ठरवलं आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. कुणीतरी नंबर दिला. "आपलाच माणूस आहे, चांगलं काम करतो." नंबर देणाऱ्यानेही त्याच्याकडून काम करून घेतलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तो आला तो बूट बाहेर काढून. आईला वाकून नमस्कार केला. मला वहिनी म्हणाला. चहा घेता घेता गाव विचारलं, कुठल्या शाळेत होतात विचारलं. मग खाली गेला, जाळीतून कॅमेऱ्याची केबल सोडली आणि वर येऊन फोनवर व्हिडिओ दाखवला. काळाकुट्ट, फुटका पाइप, आत माती. "वहिनी, ही तुमची लाइन. कधीही बसेल." त्या व्हिडिओच्या कोपऱ्यात ९१ फूट असा आकडा होता. मी तो पाहिला, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. आमच्या जाळीपासून रस्त्यातल्या मुख्य गटारापर्यंतचं अंतर पन्नास फूटसुद्धा नाही. तो व्हिडिओ आमच्या घराचा नव्हताच.

त्याचा हिशोब असा होता. मुख्य लाइनवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे गटाराचं पाणी उलटं घरात येऊ न देणारी झडप, ४,८०० डॉलर. फ्लोअर ड्रेनला "डबल प्रोटेक्शन", ४५० डॉलर. त्यातले ३,४०० सिटी, म्हणजे टोरंटोची महापालिका, परत देणार, फॉर्म तोच भरणार. आणि रोख दिले तर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इकडचा विक्रीकर, लागणार नाही. परमिटचं विचारलं तर म्हणाला, "ते आमच्या ऑफिसमधून होतं, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी पुढे काही विचारलं नाही. समोर आईच्या पाया पडलेला माणूस बसलाय, त्याला लायसन्स दाखवा कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण असं आजी म्हणायची. ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, तरी अर्धे पैसे ई-ट्रान्सफरने दिले आणि अर्धे रोख.

२ ऑगस्टला काम झालं. तो आणि एक मुलगा असे दोघं. पुढच्या भिंतीजवळ दोन फुटांचा चौकोन तोडला, तासाभराने मला खाली येऊ नका म्हणाले, धूळ आहे. संध्याकाळी चारला काँक्रीट ओतून मोकळे. जमिनीत पांढरं गोल स्क्रूचं झाकण दिसत होतं. जाळीखाली एक प्लास्टिकचं भांडं बसवलं होतं, आत तरंगता गोळा. "इन्स्पेक्टरला फोटो पाठवलेत," असं सांगून तो गेला.

१७ ऑगस्ट, शनिवार. पुन्हा ढगफुटीसारखा पाऊस, पिअर्सनला १२० मिलिमीटरच्या वर. आम्ही टॉर्च घेऊन जाळीपाशी उभे होतो. गोळा वर आला, भोक बंद झालं, थेंबही वर येईना. नवरा म्हणाला, पैसे वसूल झाले. पाचेक मिनिटांनी शॉवरमधून गुडगुड आवाज आला. मग शॉवरच्या ट्रेमधून पाणी उसळलं, मग टॉयलेट भरून वाहायला लागलं. हे जुलैसारखं नव्हतं. हे उघडउघड मैलापाणी होतं, घोट्यापर्यंत. आईची बॅग पलंगाखाली होती. तिच्यात बाबांनी लिहिलेल्या तीन वह्या होत्या, शेतीच्या हिशोबाच्या, मधे मधे आम्हा मुलांबद्दल दोन-दोन ओळी. मला वाचायला म्हणून तिने मुद्दाम आणल्या होत्या. शाईच्या होत्या. त्यातलं एक पानही शाबूत राहिलं नाही.

त्या रात्री त्याला फोन लावला, वाजला, पण त्याने उचलला नाही. सोमवारपासून बंद.

नंतर आलेला प्लंबर सिटीच्या वेबसाइटवरच्या लायसन्सधारकांच्या यादीतून शोधला. त्याने पांढरं झाकण उघडलं आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. आत नुसता पाइप. झडप नाही, काही नाही. तो होता क्लीनआउट, म्हणजे चोंदलेली लाइन साफ करायला ठेवतात तसलं तोंड. त्यातल्या वस्तूंची किंमत थोडीशीच. जाळीखालचा गोळा मात्र खरा होता. तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि फ्लोअर ड्रेनपुरतं काम नीट करतो. पण तो फक्त ते एक भोक बंद करतो. आत येणाऱ्या पाण्याचा जोर तेवढाच राहतो, ते पुढची सर्वांत खालची वाट शोधतं. आमच्याकडे ती वाट शॉवर होती. ज्यांच्या बेसमेंटमध्ये जाळीशिवाय दुसरं काहीच नाही त्यांना तो गोळा थोडाफार तारेल. बाथरूम असेल तर नाही.

खरा व्हॉल्व्ह कसा असतो ते प्लंबरने आमच्याच घरात बसवताना दाखवलं, म्हणून सांगू शकते. तो घरातून रस्त्याकडे जाणाऱ्या मुख्य पाइपवर, पुढच्या भिंतीच्या आत बसतो. आत एक झडप असते, एरवी ती उघडी, आडवी पडलेली, घरातलं पाणी तिच्यावरून बाहेर जातं. रस्त्याकडून पाणी उलटं आलं की झडपेच्या दोन्ही बाजूंचे तरंगते ठोकळे तिला उचलतात आणि ती वाट बंद करते. ती एरवी उघडीच असावी लागते, कारण गटारातली हवा घराच्या छपरावरच्या नळीतून बाहेर जाण्याचा रस्ताही तोच. आणि वरचं झाकण बहुतेक वेळा पारदर्शक असतं. टॉर्च मारला की झडप दिसते. पांढरं, आरपार न दिसणारं झाकण बघूनच मी थांबायला हवं होतं.

या प्लंबरने सगळ्यात आधी एक प्रश्न विचारला, जो पहिल्याने विचारलाच नव्हता. घराच्या पायाभोवतीची वीपिंग टाइल कुठे जोडली आहे? आमच्यासारख्या जुन्या घरांत पायाभोवती झिरपणारं पावसाचं पाणी गोळा करणारी ती नळी अनेकदा थेट सांडपाण्याच्या पाइपला जोडलेली असते. मग जोरात पाऊस पडून झडप बंद झाली की ते पाणी जाणार कुठे? आपल्याच घरात. म्हणून आम्हाला ती जोडणी तोडून सम्प पंप, म्हणजे खड्ड्यात साठलेलं ते पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप, बसवावा लागला. हा प्रश्न न विचारता जो कुणी तुमच्याकडे फक्त व्हॉल्व्ह विकायला येतो, त्याला दारातूनच परत पाठवा, मग तो मराठी असो की कुणी. आणि झडप बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, हेही त्याने बजावलं. जोराचा पाऊस असेल तेव्हा मशीन लावायचं नाही, फ्लश जपून.

यावेळी परमिटचा कागद आधी माझ्या हातात आला, त्यावर आमचा पत्ता. तोडल्यानंतर चौकोन उघडाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सिटीचा इन्स्पेक्टर आला, वाकून जोडणी बघितली, मगच काँक्रीट. जमीन तोडली त्याच दिवशी संध्याकाळी काँक्रीट ओतलं जातं म्हणजे कुणी तपासायला यायचंच नाही, हे मला आता कळतं. प्लंबिंग हा ओंटारियोत सक्तीच्या परवान्याचा धंदा आहे, ३०६ए नावाचा दाखला लागतो. तो दाखवायला सांगितल्यावर खऱ्या माणसाला राग येत नाही. या प्लंबरने तर न मागता दाखवला.

आणि ते ३,४०० डॉलर. तेव्हाच्या सिटीच्या योजनेत व्हॉल्व्हला खर्चाच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त १,२५० मिळत होते. सम्प पंपाला १,७५० आणि पायाची नळी तोडायला ४००. तिन्ही कामं मिळून ३,४००. त्याने तिन्हींची बेरीज एका व्हॉल्व्हवर चिकटवली होती. योजनेची रक्कम बदलत असते, अर्ज करण्याआधी सिटीच्या पानावर स्वतः वाचा. शिवाय अर्जाला तपशीलवार पावती लागते. रोख देऊन एचएसटी वाचवला की पावती नाही, आणि पावती नाही म्हणजे सबसिडी नाही. इन्शुरन्सवाल्यांनीही भरपाईच्या वेळी व्हॉल्व्हचे कागद मागितले. माझ्याकडे काय होतं? एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्यात "काम झालं वहिनी" आणि हात जोडलेले दोन इमोजी.

कायद्याचं एवढंच सांगते. घरी बसून केलेला करार ओंटारियोत दहा दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. खोटं सांगून करार करून घेतला असेल तर वर्षभरापर्यंत. मी ग्राहक संरक्षणाकडे तक्रार केली, स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, तिथले कागदही तयार केले. पण दावा लावायला त्याचा पत्ता लागतो. त्याने दिलेल्या पत्त्यावर लॉण्ड्री निघाली. ई-ट्रान्सफर ज्या नावावर गेलं ते नाव त्याने सांगितलेलं नव्हतंच. मला एक पैसा परत मिळालेला नाही. आईला अजून मी पूर्ण रक्कम सांगितलेली नाही. तिला वह्यांचं दुःख पुरेसं आहे.

काकूंना मी सांगितलं, तो परत आला तर दार उघडू नका, मला फोन करा. त्यांनी विचारलं, पण खरा व्हॉल्व्ह ओळखायचा कसा, आम्हाला काय कळतं त्यातलं? म्हणून रविवारी त्या आणि शेजारच्या दोन घरांतली मंडळी आमच्याकडे येणार आहेत. आईच्या खोलीतला गालिचा उचलून झाकणावर टॉर्च मारून दाखवणार आहे. ते पांढरं झाकणही मी जपून ठेवलंय, दोन्ही शेजारी शेजारी ठेवीन. कुणाला यायचं असेल तर या.