राजदूत 350 : इंजिन पूर्ण उघडल्यानंतरचे नऊ महिने

यामाहाच्या आरडी 350 वर बेतलेली राजदूत 350 एस्कॉर्ट्सने आपल्याकडे 1983 मध्ये आणली. माझी गाडी 1986 ची, लो टॉर्क म्हणजे 27 अश्वशक्तीची आहे. 347 सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि पॉइंटवर (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप होणाऱ्या संपर्कांवर) चालणारे इग्निशन असलेली ही गाडी दुरुस्त करून मी नऊ महिन्यांत 3,200 किलोमीटर चालवली. अशी गाडी घेऊन रंग आणि क्रोमपासून सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

मीही तीच चूक केली होती. पहिल्या कारागिराने टाकी रंगवली, सायलेन्सरला क्रोम केले, सिलिंडर बोअर करून 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन बसवले आणि क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) हात न लावता गाडी माझ्या स्वाधीन केली. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग पटकन खाली येत नव्हता, पण मी तो दोष कार्ब्युरेटरचा मानला. 400 किलोमीटर होण्याआधीच खंबाटकी घाट चढताना डावा पिस्टन जाम झाला. स्पार्क प्लग काढून पाहिला तर चुन्यासारखा पांढरा पडला होता, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते.

इंजिन उघडल्यावर कारण हातात आले. पॉइंटच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील (क्रँकच्या टोकाशी हवा आणि तेल अडवणारे रबरी कडे) इतके कडक झाले होते की नखाने दाबूनही त्याची कड वाकत नव्हती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे या सीलमधून शिरलेली हवा मिश्रण पातळ करते आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर प्रकार वेगळा असतो : गिअर ऑइल आत ओढले जाऊन जळते, पांढरा धूर निघतो आणि गिअरबॉक्समधले तेल बाहेर कुठेही न सांडता कमी होत जाते.

दुसऱ्या वेळी क्रँक प्रेसवर सोडवून नवे कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि सील घातले, डायल गेजवर क्रँक सरळ करून घेतला आणि 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवले. सुटे भाग बहुतेक पुण्याच्या नाना पेठेतच मिळाले. रबरी सील मात्र जुन्या साठ्यातले घेऊ नयेत, कारण न वापरताही ते कडक होतात. जोडणी झाल्यावर इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे दोन्ही बाजूंनी बंद करून रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या रबरी फुग्याने त्याच यंत्राच्या काट्यावर 300 मिलिमीटर (पाऱ्याचा दाब) दिसेपर्यंत हवा भरली, सांध्यांवर साबणाचे पाणी लावले आणि काटा सहा मिनिटे जागेवर राहतो की नाही ते पाहिले. पहिल्या प्रयत्नात उजव्या सिलिंडरच्या तळाच्या पॅकिंगजवळ बुडबुडे आले. ते पॅकिंग बदलल्यावर काटा ठरला. या चाचणीला फारसा खर्च येत नाही, आणि ती केल्याशिवाय मी आता कोणतेही टू-स्ट्रोक इंजिन सुरू करणार नाही.

त्यानंतर पसरणी घाट पाच वेळा चढलो आणि प्लग प्रत्येक वेळी बदामी निघाले, म्हणजे मिश्रण बरोबर आहे. मायलेज लिटरला 22 किलोमीटरच्या आसपास मिळते. उतारावर मी मधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल देतो, कारण ऑटोल्यूबचा (इंजिनात आपोआप तेल सोडणाऱ्या यंत्रणेचा) पंप थ्रॉटलला जोडलेला असल्याने तो बंद ठेवून गिअरमध्ये उतरत राहिल्यास फिरत्या इंजिनाला तेल अगदी कमी मिळते. पॉइंट दोन्ही सिलिंडरचे वेगळे असल्याने दोन्ही बाजूंचे टायमिंग स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि हे काम मी दर 1,000 किलोमीटरला करतो.

जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, या गाडीला ड्रम आहे. ब्रेकला नवे लायनर घातल्यानंतरही मी पुढच्या वाहनापासून बरेच अंतर ठेवूनच चालवतो. क्रोमला पावसाळ्यात दोन ठिकाणी गंज धरला आहे, ते काम दिवाळीनंतर पाहीन. गिअर ऑइलची पातळी मात्र दर रविवारी बघतो आणि नऊ महिन्यांत ती खाली गेलेली नाही.