६० लिटरचा ओटीजी : मैत्रिणीच्या लग्नातल्या हजार नानकटाया आणि त्यानंतरचे नऊ महिने

दसऱ्याला घेतलेला हा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, आता पावसाळ्यापर्यंत वापरून झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय. घेताना कारण एकच होतं. आमच्या चौघींतल्या एकीचं मार्गशीर्षात लग्न होतं आणि पाहुण्यांना द्यायच्या २५० डब्यांत प्रत्येकी चार नानकटाया घरी भाजून घालायच्या, असं आम्ही तिघींनी ठरवलं होतं. रुखवतातला एक थाळाही आमच्याचकडे होता. माझ्या जुन्या १९ लिटरच्या ओव्हनमध्ये एका वेळी बारा नानकटाया मावायच्या. त्या हिशोबाने लग्न लागून गेलं असतं तरी आम्ही भाजतच बसलो असतो.

घेण्याआधी घरातला प्लग बघा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण दुकानात कुणी विचारत नाही. हा ओव्हन २००० वॅटचा आहे, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर करंट ओढतो. ओट्याजवळचा साधा ६ अँपिअरचा पॉइंट याला चालत नाही, मोठा १६ अँपिअरचाच लागतो. गिरगावातल्या आमच्या जुन्या घरात तसे दोनच पॉइंट, एक गीझरचा आणि एक बेडरूममध्ये एसीचा. एक्स्टेन्शन लावायची हिंमत मी केली नाही, तुम्हीही करू नका. शेवटी बेडरूममध्ये लोखंडी टेबल मांडून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ओव्हन ठेवला. तो अजून तिथेच आहे. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, घरात लहान मूल असेल तर जागा विचार करूनच ठरवा.

लग्नाच्या दोन आठवडे आधी साठ नानकटायांची चाचणी घेतली, ते फार बरं झालं. बटण १७० वर होतं, तरी डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यातल्या चार नानकटाया कडेने काळपट झाल्या आणि दाराजवळच्या अजून पांढऱ्या होत्या. क्रॉफर्ड मार्केटहून ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला, तर आत १९० निघालं. म्हणजे बटण वीस अंश कमी सांगत होतं. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला, तर ‘एवढा फरक चालतो’ असं उत्तर मिळालं. नानकटाईला वीस अंशांचा फरक चालत नाही. तेव्हापासून मी बटण १५० वर ठेवते आणि थर्मामीटरवर विश्वास ठेवते.

कोपऱ्यावर उपाय नवरीनेच काढला. ट्रेच्या एका कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ट्रे आत जाताना ठिपका दाराकडे, दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा, की ठिपका आत. वरचा ट्रे खाली, खालचा वर. पंखा चालू ठेवूनही दोन ट्रे एकसारखे भाजले जात नाहीत, ही अदलाबदल करावीच लागते. सोबत आलेल्या काळ्या ट्रेने नानकटाई तळाला लवकर लाल होते, कारण काळा रंग उष्णता जास्त ओढून घेतो. मी फिक्या अॅल्युमिनियमचे चार ट्रे वेगळे घेतले. आतलं माप घेऊनच बाजारात जा. बाहेरच्या मापावर भुलून आणलेला माझा पहिला ट्रे दारच लागू देत नव्हता.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. एका घाण्याला अर्धा किलो मैदा, पन्नास-पन्नास ग्रॅम रवा आणि बेसन, तीनशे ग्रॅम तूप, तीनशे ग्रॅम पिठीसाखर. यात वीस ग्रॅमच्या साठ होतात. असे सतरा घाणे हवे होते. शनिवारी सकाळी पहिल्याच घाण्यात आम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता सोडा घातला, म्हणजे दोनदा पडला. चव साबणासारखी लागली आणि तो सगळा घाणा टाकावा लागला. साजूक तुपाचा घाणा टाकताना जिवावर येतं. मग नवरीची मावशी पुढे झाली. तिने उरलेल्या प्रत्येक घाण्याचा मैदा, रवा, बेसन, सोडा, वेलची, जायफळ मोजून वेगवेगळ्या पिशव्यांत भरलं आणि पिशवीवर पेनाने खूण केली. वजनकाटा फक्त तिच्या हातात. त्यानंतर चूक झाली नाही.

तूप साजूकच हवं, हा नवरीच्या आईचा आग्रह. मुंबईत डिसेंबरातही दुपारी ते हाताच्या उबेने पातळ होतं आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरते. परातीखाली बर्फाच्या पाण्याचं भांडं ठेवून तूप-साखर फेटली, वळलेले गोळे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले, तेव्हा कुठे गोल राहिल्या आणि वर हव्या तशा भेगा पडल्या. मावशी प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याने चारोळी दाबत होती. तिच्या लहानपणी दिवाळीत पीठ घेऊन बेकरीत जायचं, भट्टीपाशी रांगेत बसायचं आणि आपले ट्रे ओळखून परत आणायचे, हे ती काम करता करता सांगत होती.

मला वाटलं होतं, वेळ ओव्हनमध्ये जाईल. एका वेळी अठ्ठेचाळीस, भाजणं आणि अदलाबदल धरून पंचवीस मिनिटं. दोन दिवसांत आरामात बसतं. खरी अडचण बाहेर होती. गरम नानकटाई मऊ असते, उचलली की मोडते. दहा मिनिटं ट्रेवरच ठेवावी लागते. म्हणून दोन ट्रे आत असताना दोन बाहेर हवेतच. पलंगावर, कपाटावर, गॅलरीच्या कठड्याशी मांडलेल्या स्टुलांवर, सगळीकडे बटर पेपर आणि नानकटाया. एक डबा कोमट असतानाच बंद केला, तर सकाळी झाकणाला आतून दव आणि नानकटाया मऊ. तो परत भाजून काढला, पण तो खुसखुशीतपणा आला नाही.

लग्नानंतर वापर कमी झाला नाही. दर पंधरा दिवसांनी पाव करते, कुटासाठी दोन किलो शेंगदाणे एका वेळी भाजून होतात, नऊ इंची दोन केक शेजारी-शेजारी बसतात. दार उघडलं की आतलं तापमान पटकन तीसएक अंश उतरतं आणि वर यायला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून सारखं डोकावू नका. चौथ्या महिन्यात आतला दिवा गेला, तो बदलून मिळायला पाच आठवडे लागले. रॉड, दाराचं रबर, पंखा मात्र आजही पहिल्या दिवसासारखे. टायमरची घंटा मंद आहे, मी मोबाइलवर वेळ लावते.

चौघांच्या घरात आठवड्याला एक केक होणार असेल तर ३० लिटरचा पुरतो, हा घेऊन जागा आणि वीज वाया घालवू नका. पण घरात कुणाचं लग्न, मुंज असेल आणि सोबत काम करायला दोन-तीन जणी असतील, तर हाच घ्या. एकटीने मात्र हजारचा घाट घालू नका. फिरवणारी एक, वळणारी एक, मोजणारी एक, एवढ्या तरी हव्यातच. लाल ठिपका अजून चारही ट्रेवर आहे. येत्या वैशाखात आमच्यातल्या दुसरीचं लग्न ठरलंय आणि तिने आत्ताच ३०० डबे सांगून ठेवलेत.