हरीण आणि एल्क (सांबरासारखे मोठे हरीण) यांच्या शिकारीसाठी पहिली रायफल: टिक्का टी३एक्स लाइट (.३०८), काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पहिल्यांदाच शिकारीचा परवाना काढणाऱ्या माणसाच्या कानावर सर्वांत आधी पडतो तो काडतुसांचा वाद. एल्कसाठी मॅग्नमच (जास्त दारूचे जोरकस काडतूस) हवे असे कोणी बजावतो, तर कोणी .३०-०६ या जुन्या, दमदार काडतुसाच्या खाली उतरायलाच तयार नसतो. मी वसंत ऋतूत फिनलंडच्या साको कारखान्यात बनणारी टिक्का टी३एक्स लाइट .३०८ विंचेस्टर या काडतुसाची घेतली, उन्हाळाभर तिच्यावर सराव केला आणि शरद ऋतूत म्यूल डिअर (मोठ्या कानांचे हरीण) व एल्क या दोन्हींसाठी ती डोंगरात वापरली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की पहिली रायफल निवडताना काडतुसाच्या ताकदीपेक्षा तिचा धक्का आपल्या खांद्याला कितपत सोसतो, हे आधी पाहावे. धक्का नकोसा झाला की सराव आपोआप कमी होतो, आणि सराव कमी झाला की जनावर जखमी होऊन निसटण्याची शक्यता वाढते.

राज्याचा नियम पाहिला तरी ताकदीची अट फार मोठी नाही. गोळीचा व्यास किमान .२४ इंच, एल्कसाठी तिचे वजन किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) आणि १०० यार्डांवर (सुमारे ९१ मीटर) किमान १,००० फूट-पौंड (ऊर्जेचे एकक) ऊर्जा, एवढीच मागणी आहे. १९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवरही दीड हजार फूट-पौंडांहून अधिक ऊर्जा राखते. त्यापलीकडच्या अंतरावर नवशिक्याने बार टाकूच नये, असे मला मनापासून वाटते.

इथे आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण येत नाही. व्हिसावर असणाऱ्यांनी दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता आधी वकिलाला विचारावे. शिवाय १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यापूर्वी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो केवळ सोपस्कार म्हणून उरकू नये.

आता रायफलीविषयी. रिकामी असताना तिचे वजन तीन किलोच्या आत आहे. दहा हजार फुटांवर, जिथे चढावर चार पावले टाकली की धाप लागते, तिथे या हलकेपणाचे मोल कळते. मात्र रायफल जितकी हलकी, तितका धक्का अधिक, हेही खरे. टिक्का सर्व काडतुसांसाठी एकाच लांबीची यंत्रणा वापरते, त्यामुळे .३०-०६ हून आखूड असलेले .३०८ चे काडतूस निवडल्याने रायफल आखूड होत नाही, आणि म्हणूनच अनेक जण त्याच किमतीत .३०-०६ घ्यावी असे सुचवतात. मी दोन्ही लागोपाठ चालवून पाहिल्या. .३०-०६ चा धक्का वाईट नव्हता, पण एका बैठकीत वीस गोळ्या झाडल्यावर फरक स्पष्ट जाणवला.

सरावाची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. सोबतच्या व्यक्तीने आपल्या नकळत मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) मध्येच एखादे नकली काडतूस भरून ठेवायचे. चाप ओढल्यावर बार होत नाही, आणि धक्क्याच्या नुसत्या अपेक्षेने नळीचे टोक खाली झुकले तर ते लगेच दिसते. या रायफलीचा चाप स्वच्छ आहे, अडखळत नाही आणि कमी-जास्त करता येतो. त्यामुळे ही सवय मोडायला मदत होते. बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा सरकता दांडा) तेल लावल्यासारखा सरकतो आणि केवळ ७० अंश उचलावा लागतो, म्हणून हातमोजे घातलेला हात रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीवर आपटत नाही.

सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावली की बोल्टही बंद राहतो. दाट झुडपांतून जाताना हे चांगलेच आहे, पण काडतूस बाहेर काढायचे तर सेफ्टी काढावी लागते. कोलोरॅडोत चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी, बार होण्याच्या जागी) काडतूस असलेली रायफल वाहनात ठेवणे बेकायदा असल्याने दर संध्याकाळी हे करावे लागते. त्या क्षणी नळी कोणत्या दिशेला आहे याकडे अतिशय काटेकोर लक्ष द्यायला हवे.

दुर्बीण मी दुकानातच बसवून घेतली होती. तिच्या कड्यांचे स्क्रू पुरेसे आवळलेले नव्हते आणि उन्हाळ्यात नेम हळूहळू सरकू लागला. तेव्हापासून टॉर्क-पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) ते स्वतः तपासते. नेम २०० यार्डांवर बसवला आहे; ३०० यार्डांवर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहा-सात इंच ढकलतो.

व्हाइट रिव्हरच्या राष्ट्रीय वनात अॅस्पेनच्या झाडांच्या कडेला मिळालेली एल्क मादी दोनशे यार्डांच्या जरा आतच होती. पाठपिशवीवर रायफल टेकवून, पालथे पडून मी एकच गोळी झाडली. गोळी पुढच्या पायाच्या मागून दोन्ही फुप्फुसांतून गेली आणि मादी थोडे अंतर चालून खाली बसली. मॅग्नमने याहून वेगळे काय केले असते, हे मला सांगता येणार नाही. खरे कष्ट त्यानंतर सुरू झाले. दोनशे किलोंहून जड जनावराचे मांस सोलून, कापडी पिशव्यांत भरून गाडीपर्यंत वाहताना बाजूला लटकणारी हलकी रायफल फारशी आठवतही नव्हती.

किरकोळ गोष्टींपैकी, मॅगझिन प्लास्टिकचे असून त्यात तीनच काडतुसे मावतात, आणि जादा मॅगझिन स्वस्त मिळत नाही. स्टेनलेस नळी घेतल्याचे समाधान आहे, कारण बर्फात भिजूनही गंज चढला नाही. हंगामापूर्वी बोल्टवरचे तेल मात्र जवळजवळ पुसून काढावे, कारण कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होते.

पुढील हंगामासाठी मी शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरणार आहे, कारण शिशाचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात आणि ते मांस घरातली मुलेही खातात. तांब्याची गोळी जनावराला लागल्यावर नीट उमलण्यासाठी वेग लागतो, म्हणून १५० ग्रेनची निवडली आहे. तिच्यासाठी नेम पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागेल.