बाबांच्या कॅसेट्स, आयपॅडवरची चिकटवही आणि प्रोक्रिएट: दोन वर्षं वापरून लिहितेय

"प्रोक्रिएट घेऊ का गं?" (म्हणजे आयपॅडवरचं चित्रं काढायचं ॲप) हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, आणि विचारणारे बहुतेक जण इलस्ट्रेशन शिकायला निघालेले असतात, त्यांच्यासाठी नेटवर ढिगाने व्हिडिओ आहेत. मी इथे लिहितेय ते चिकटवहीबद्दल. हो, चिकटवहीच. शाळेत पेपरातली चित्रं कापून खळ लावून चिकटवायचो ना, पानं फुगून वही मिटायचीच नाही, तीच. फक्त माझी आता आयपॅडवर आहे आणि तिच्यात माझ्या बाबांच्या कॅसेट्स आहेत.

मी पुण्यात फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे. मसाल्याची पाकिटं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकातल्या जाहिराती, मध्येच एखाद्या डॉक्टरांचं लेटरहेड. आणि या सगळ्या कामाचा गाभा सांगायचा तर स्वच्छता. फोटोतला डाग काढ, कागदाचा पिवळेपणा काढ, कडा सरळ कर, अक्षरं एका रेषेत आण. दिवसाचे आठ-नऊ तास मी हेच करते आणि मला ते आवडतं, पण रात्री स्वतःसाठी काही करायला बसले की हात आपोआप पुसायलाच जायचा, हे मला त्या कॅसेट्स हातात आल्यावर कळलं.

आमचं घर सांगलीत, गावभागात. बाबांकडे दोनशेच्या वर कॅसेट्स. काही विकतच्या, पुण्याला कामाला आले की अलूरकर म्युझिक हाऊसमधून घेतलेल्या, पण निम्म्याहून जास्त कोऱ्या कॅसेटवर स्वतः भरलेल्या. आकाशवाणी सांगलीवरून, मित्राच्या रेकॉर्डवरून, आणि मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं तिथे मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर बाबांच्या बारीक तिरक्या अक्षरात राग, गायक, तबल्यावर कोण, तारीख. कुठे "शेवटची ५ मि. नाहीत, लाइट गेले" असंही लिहिलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा खालचे दोन खण बुडाले. पाणी ओसरल्यावर आईने एकेक कॅसेट उघडून गच्चीवर वाळत घातली. त्यात एक गोष्ट दिसली जी मी आयुष्यात विसरणार नाही, बाबांनी बॉलपेनने लिहिलेलं जवळपास सगळं टिकलं होतं आणि शाईपेनने लिहिलेलं निळ्या ढगासारखं पसरून गेलं होतं. म्हणजे ७०-८० कॅसेट्सवर फक्त निळे ढग.

तर ही कागदं स्कॅन करून ठेवायची असं ठरलं आणि पहिली दहा-बारा मी कामासारखी साफ केली. डाग काढले, कागद पांढरा केला, अक्षरं गडद केली. बाबांना पाठवली. त्यांनी बघितली, म्हणाले, "छान झालंय गं, पण ही आपली नाही वाटत." तिथेच मी थांबले. फोटोशॉप बंद केलं आणि आयपॅड घेतला.

आता प्रोक्रिएट. बनवणारी कंपनी ऑस्ट्रेलियातली, टास्मानियातल्या होबार्ट गावची, सॅव्हेज इंटरॲक्टिव्ह, ॲप २०११ पासून आहे. एकदाच पैसे, महिन्याचं भाडं नाही, अमेरिकेत १२.९९ डॉलर आहे, म्हणजे बऱ्या हॉटेलात दोघांच्या जेवणाएवढे पैसे समजा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या सीईओने जाहीर सांगितलं की आम्ही जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतःच चित्र बनवून देणारं एआय, आमच्या ॲपमध्ये घालणार नाही. माझ्यासारखीला, जिला बाबांच्या हातची अक्षरं जशीच्या तशी हवी आहेत, तिला हे ऐकून खूप बरं वाटलं होतं.

कॅनव्हास मी १२ बाय १२ इंचाचा घेते, ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. डिजिटल स्क्रॅपबुक करणाऱ्यांमध्ये हे माप ठरलेलंच आहे आणि पुढे कधी छापायचं झालं तर चौकोनी फोटोबुक सरळ निघतं. फक्त एक लक्षात ठेवा, आरजीबी (स्क्रीनचे रंग) की सीएमवायके (छपाईचे रंग) ते कॅनव्हास बनवतानाच ठरवायचं, मध्येच एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. मी आरजीबीच ठेवते, छापायच्या वेळी प्रेसवाला आणि मी बघून घेऊ.

स्कॅनिंगबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिथेच लोक चुकतात. फोनमधली डॉक्युमेंट स्कॅन करायची ॲप्स वापरू नका. ती कागद पांढरा करायलाच बनलेली असतात, डाग, पिवळेपणा, पेन दाबून लिहिल्याचा उमटलेला खड्डा, सगळं उडवून टाकतात. साधा काचेचा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या, ६०० डीपीआयला स्कॅन करा, नंतर निम्मं करा. विकतच्या कॅसेटची कव्हरं ऑफसेटवर छापलेली, त्यांचे ठिपके कमी डीपीआयला स्कॅन केले की जाळीसारखे पट्टे येतात, ६०० ला घेऊन लहान केलं की बरेच जातात. पुरात भिजून वाकडी झालेली कागदं आधी दोन दिवस जाड पुस्तकाखाली. आणि बुरशी दिसली तर मास्क लावा, अशी कॅसेट तशीच प्लेअरमध्ये घालू नका, ती बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मग पुढच्या सगळ्या कॅसेट्सना.

मग प्रोक्रिएटमध्ये पान लावायचं. खाली कागदाचा एक लेयर (थर), माझा म्हणजे आमच्या घरातल्या जुन्या हिशोबाच्या वहीचं एक कोरं पान स्कॅन केलेलं आहे. त्यावर कॅसेटचा कागद, ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय केला की पांढरा भाग नाहीसा होतो आणि बाबांचं अक्षर थेट त्या वहीवर लिहिल्यासारखं बसतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. रंग लागले तर पॅलेटमध्ये जाऊन त्या स्कॅनवरूनच पॅलेट बनवायची, ॲप स्वतः रंग काढून देतं, म्हणजे पानावरचा प्रत्येक रंग त्या कॅसेटचाच. एका पानाची पॅलेट पूर्ण मातकट आहे, गाळाची, आणि मध्ये एकच तो शाईचा निळा.

सावलीची मात्र खटपट आहे. फोटोशॉपसारखं एका क्लिकवर ड्रॉप शॅडो इथे नाही. लेयर डुप्लिकेट करा, काळा भरा, गॉशियन ब्लरने धूसर करा, ओपॅसिटी कमी करून फिका करा, खाली सरकवा, जरा तिरका करा. प्रत्येक कागदाला हे करत बसायला वेळ जातो. पण माझं मत असं की त्यामुळे प्रत्येक सावली वेगळी पडते, वाकड्या कागदाची वाकडी, आणि तयार टेम्प्लेटच्या स्क्रॅपबुकमध्ये जो सगळीकडे एकसारखा गुळगुळीतपणा असतो तो इथे येत नाही. मला टेम्प्लेट चिकटवहीत अजिबात नको असतात. वॉशी टेपचे (नक्षीच्या कागदी चिकटपट्टीचे) गुलाबी तुकडे आणि सुकलेली फुलं घालून भीमपलासाचं पान कसं होणार, ते कोणाच्याही घरचं होऊन बसतं.

अक्षरांसाठी दोन रस्ते आहेत. फॉन्ट इंपोर्ट होतात, मुंबईच्या एक टाइपचे बलू, मुक्ता, मोदक हे सगळे फुकट आणि खुल्या लायसन्सचे आहेत, जोडाक्षरं नीट येतात. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नुसता कचरा दिसेल. पण मी पानांवर शक्यतो हातानेच लिहिते. कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरं काढली ती बघत आमची पिढी या धंद्यात आली, तेव्हा "मारवा" लिहायचं तर तो मारवा दिसला पाहिजे, संध्याकाळचा, जरा अस्वस्थ. ॲपमधली सिक्स बी पेन्सिल आणि ड्राय इंक हे दोनच ब्रश मला पुरतात, हातातली ॲपल पेन्सिल आडवी धरली की शेडिंग येतं, चुकलं की दोन बोटांनी टॅप, गेलं. विकतचे ब्रश सेट मीही घेतलेत, उघडतसुद्धा नाही.

आता संगीत, कारण खरं तर सगळं त्याच्यासाठीच चाललंय. कॅसेटमधलं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायला शॉर्टकट नाही. डेकच्या लाइन आउटमधून वायर, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, रेकॉर्ड, आणि गाणं जेवढ्या वेळाचं तेवढा वेळ थांबायचं. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसायचं. सैल पडलेली टेप पेन्सिल घालून गुंडाळायची, ते अजून हाताला येतं. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी केसाएवढा फिरवून बघायचा, मध्येच एका जागी तंबोरा एकदम उघडतो, खोलीची खिडकी उघडावी तसा. मिरजेचे तंबोरे, मिरजेतच वाजलेले, चाळीस वर्षांनी माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये.

तर ६० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. मी एक नियम केलाय, एक साइड, एक पान. प्ले दाबलं की कॅनव्हास उघडायचा, त्याच कॅसेटचं पान करायला घ्यायचं, कट्ट आवाज होऊन बटण वर आलं की पेन्सिल खाली. अर्धवट असेल तर बी साइडला. विलंबित चालू असताना हात आपोआप मोठ्या जागा सोडतो आणि द्रुत सुरू झालं की बारीक कामाला लागतो, हे मी ठरवून करत नाही पण पानं शेजारी ठेवून बघितली की दिसतं. आणि तीस मिनिटांत डाग पुसत बसायला वेळच मिळत नाही, तो राहतो, कागदावर होता तिथेच.

प्रोक्रिएट काम चालू असताना टाइमलॅप्स, म्हणजे पान कसं बनलं त्याचा वेगात पळणारा व्हिडिओ, आपोआप रेकॉर्ड करतं, पूर्ण किंवा ३० सेकंदांचा करून काढता येतो. माझा हा सगळ्यात लाडका भाग. त्या ३० सेकंदांखाली त्याच कॅसेटमधली एक तान टाकते आणि फॅमिली ग्रुपवर सोडते. मिरजेच्या आत्याने एका तबल्यावरून ओळखलं की ही मैफल कुठली, आणि बाबांनी कागदावर चुकीचं साल लिहिलंय हेही. बाबा मानायला तयार नाहीत. दोन्ही सालं मी पानावर लिहिलीत.

प्रोक्रिएटच्या पानात आवाज घालता येत नाही, हे आधीच सांगते. मी पानं जेपीईजी करून कीनोटमध्ये लावते आणि तिथे प्रत्येक पानावर गाण्याचा तुकडा बसवते, आई पानावर बोट लावते आणि गाणं सुरू होतं. विकतच्या कॅसेटचं गाणं स्पॉटिफायवर असेल तर त्यांचा तो पट्ट्यापट्ट्यांचा कोड डाउनलोड करून पानाच्या कोपऱ्यात चिकटवते, छापल्यावरही स्कॅन होतो.

घ्यायच्या आधी या गोष्टी माहीत असू द्या. हे ॲप आयपॅडवरच चालतं, अँड्रॉइड नाही, विंडोज नाही. आयफोनसाठी वेगळं छोटं आहे, चिकटवहीला काही उपयोगाचं नाही. लेयर किती मिळणार ते कॅनव्हासच्या मापावर आणि आयपॅडच्या रॅमवर, कॅनव्हास इन्फोमध्ये आकडा दिसतो, जुना आयपॅड असेल तर १२ इंचाच्या पानाला हात आखडता घ्यावा लागेल. पेज असिस्टमध्ये एकाच फाइलमध्ये अनेक पानं करता येतात पण लेयर त्याच मर्यादेत मोजले जातात म्हणून मी प्रत्येक पान वेगळी फाइल ठेवते आणि दहा-दहाचे स्टॅक, म्हणजे गठ्ठे. बॅकअप आपला आपण. मी रविवारी सगळं मूळ फॉरमॅटमध्ये आणि फोटोशॉपच्या पीएसडीमध्ये काढून एक हार्ड डिस्क इथे, दुसरी सांगलीला वरच्या मजल्यावर ठेवते. ज्या घरात एकदा पाणी आलंय तिथे हे कोणाला सांगावं लागत नाही.

आणि ॲपल पेन्सिल घ्यावीच लागेल, त्याचे पैसे ॲपपेक्षा कितीतरी जास्त, ते धरूनच हिशोब करा. नुसते फोटो लावून वर दोन ओळी टाइप करायच्या असतील तर एवढा खर्च करू नका, फुकटात बरंच काही आहे. पण घरात कोणाच्या हातची अक्षरं असतील, रेसिपीची वही, पत्रं, भजनाच्या वह्या, काहीही, तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सावलीचा कापला.

आत्तापर्यंत ६१ पानं झालीत. निळ्या ढगांच्या कॅसेट्स मी मागे ठेवल्या होत्या कारण आत काय आहे तेच माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात बाबा आठवडाभर पुण्याला आले होते, रोज रात्री एक लावायचो. डोळे मिटून ऐकायचे, दोन-तीन मिनिटांत नाव सांगायचे, आणि मी आयपॅड त्यांच्यापुढे सरकवायचे. पहिल्या दिवशी पेन्सिल फार दाबून धरली त्यांनी. आता त्या पानांवर खाली पसरलेला ढग आहे आणि त्याच्यावर त्यांचंच अक्षर, पूर्वीपेक्षा मोठं, जरा थरथरतं. सात झाल्या. दिवाळीला मी सांगलीला जाणार आहे, डेक घेऊनच.