लाव्यांच्या खाद्यात यीस्ट की बॅसिलस?

अंड्यांसाठी लावे पक्षी पाळणाऱ्याला पशुखाद्याच्या दुकानात दोन प्रकारची प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपकारक जिवंत सूक्ष्मजीवांची, पाकिटं दाखवली जातात. एकात जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुसऱ्यात बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू. पाकिटांवरची आश्वासनं सारखीच: पचन सुधारेल, अंडी वाढतील. खानदेशात निवड ठरते ती मुख्यतः उन्हाळ्यावर.

बॅसिलस बीजाणूरूपात, म्हणजे कडक कवचातल्या सुप्त अवस्थेत येतो, त्यामुळे उष्णता सोसतो. क्रंबल, म्हणजे कारखान्यातलं दाणेदार खाद्य, बनवताना लागणाऱ्या वाफेतूनही बराचसा वाचतो. साधं जिवंत यीस्ट त्या वाफेत मरतं. भुसावळकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास गेला, की पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या यीस्टचा जोर उतरतोच. तयार क्रंबल घेत असाल तर बॅसिलस घ्या. मॅश, म्हणजे दळलेलं भुकटीसारखं खाद्य, स्वतः कालवत असाल आणि थंड, कोरडी जागा असेल, तर यीस्टचा विचार करा. तेही छोटं पाकीट, तारीख बघून.

यीस्टची एक बाजू मात्र भक्कम आहे. ती बुरशी असल्याने जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकने मरत नाही, त्यामुळे औषधाचा कोर्स चालू असतानाही देता येते. तिच्या पेशीभित्तिकेतले घटक काही घातक जिवाणूंना चिकटवून बाहेर नेतात, अफ्लाटॉक्सिन या मक्यावरच्या बुरशीच्या विषालाही थोडं बांधतात. पण म्हणून काळवंडलेला मका खपवू नका. बुरशी लागलेल्या मक्यावर यीस्ट हा उतारा नव्हे.

बेकरीचं यीस्ट स्वस्त पडतं, पण तो वाण पीठ फुगवायला निवडलेला असतो. बिअर कारखान्याचं वाळवलेलं यीस्ट मेलेलं असतं. प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात, ते प्रोबायोटिक नाही.

आता पैशाचं. मोठा लावा दिवसाला साधारण 25 ग्रॅम खातो, म्हणजे 1000 पक्ष्यांना एक टन खाद्य 40 दिवस पुरतं. 80 टक्के उत्पादन धरलं तर तेवढ्यात 32,000 अंडी. समजा टनामागे 600 रुपयांचं पाकीट लागलं आणि अंडं 3 रुपयांना गेलं, तर 200 जास्त अंड्यांत खर्च निघतो. पण ही वाढ एक टक्क्याहूनही कमी, रोजच्या चढउतारात दिसायचीच नाही. दुकानदाराच्या ‘फरक पडतो हो’वर जाऊ नका. एकाच वयाचे पक्षी दोन भागांत ठेवा, खाद्य तेच, एका भागातच पाकीट, आणि दोन्हीकडची अंडी वेगळी लिहा. त्याआधी 14 ते 16 तास उजेड आणि खाद्यात अडीच-तीन टक्के कॅल्शियम आहे ना, ते बघा. ते नसेल तर दोन्ही पाकिटं दुकानातच राहू द्या.